जुन्या कॅसेट्सचे डिजिटल रूपांतर : आधी डेक, मग संगणक

लखनौ : कैसरबाग परिसरातील ज्या संगीत विद्यापीठास आज भातखंडे यांचे नाव आहे, त्याची स्थापना १९२६ मध्ये 'मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक' या नावाने झाली. नाव तत्कालीन संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे असले, तरी संस्थेमागील दृष्टी मुंबईच्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांची होती. घराण्यांच्या कंठात दडलेल्या बंदिशी त्यांनी परिश्रमपूर्वक मिळवून स्वरलिपीत उतरविल्या आणि त्या 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत ग्रथित झाल्या. पुढे पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ या संस्थेचे प्राचार्यपद भूषविले. के. जी. गिंडे आणि एस. सी. आर. भट यांच्यासारखे त्यांचे शिष्य याच शहरात घडले. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनीही येथे अध्यापन केले होते.

स्वरलिपीने बंदिश वाचविली. परंतु ती बंदिश शिकविताना गुरू कोठे थांबले, कोणत्या स्वरावर आवाज किंचित हलका केला आणि शिष्य चुकल्यावर काय बोलले, हे कागदावर उतरत नाही. ते टिपले कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट प्रथम सादर केली. ती विकसित करणाऱ्या चमूचे प्रमुख लू ऑटेन्स यांचा जन्मही, योगायोगाने, १९२६ चाच. भारतात सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून आणि विशेषतः १९८० नंतर 'टू-इन-वन' घरोघरी पोहोचला. उत्तर भारतातील लोकसंगीताचे सारे अर्थकारणच स्वस्त कॅसेटने कसे बदलून टाकले, याचे विवेचन पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. मात्र बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेट्सची चिंता फारशी करण्याचे कारण नाही. त्यांच्या हजारो प्रती निघाल्या होत्या. प्रश्न आहे तो एकमेव प्रत असलेल्या कॅसेट्सचा : शिकवणीच्या, घरगुती मैफलींच्या, मुशायऱ्यांच्या, मजलिशींतील मर्सियांच्या, १९३८ पासून सुरू असलेल्या लखनौ आकाशवाणी केंद्राचे कार्यक्रम रेडिओवरून टिपलेल्या आणि नोकरी वा शिक्षणानिमित्त या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील आजी-आजोबांच्या आवाजाच्या.

हा प्रश्न तातडीचा का आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे. फीत खराब होत जाते हे सर्वज्ञात आहे. पण त्याहून वेगाने संपत चालली आहेत ती फीत वाजविणारी चांगली यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कारागीर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनिसंग्रहालयाने २०१५ मध्येच या संदर्भात २०२५ ही अंतिम मुदत मानली होती. ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनेस्कोच्या सहकार्याने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगभर जो इशारा दिला, त्यातही याच सुमाराच्या वर्षाचा उल्लेख होता. ते वर्ष येऊन गेले आहे. याचा अर्थ कॅसेट्स आता वाजणार नाहीत असा नव्हे. चांगल्या रीतीने वाजविणे दरवर्षी अधिक खर्चाचे व अधिक दुर्घट होत जाणार, असा आहे.

पैसा कोठे खर्च करावा

या कामासाठी साहित्य घ्यावयास निघालेला माणूस सामान्यतः संगणकापासून आरंभ करतो. कोणते सॉफ्टवेअर, कोणते साउंड कार्ड, किती मोठी हार्ड डिस्क, अशी चौकशी होते आणि कॅसेट वाजविण्यासाठी मात्र माळ्यावरचा जुना टू-इन-वन अथवा ऑनलाइन मिळणारे एखादे स्वस्त यंत्र पुरेसे मानले जाते. वस्तुतः क्रम याच्या उलट हवा. फितीवरून जे उचलले गेले नाही, ते पुढील कोणतेही उपकरण निर्माण करू शकत नाही.

यामागील कारण कॅसेटच्या रचनेतच आहे. तिची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि तेवढ्यात चार ध्वनिमार्ग सामावलेले असतात : दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. फीत सेकंदाला केवळ ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. ६० मिनिटांच्या कॅसेटमधील फितीची जाडी सुमारे १८ मायक्रॉन, ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १२ आणि १२० मिनिटांच्या कॅसेटमध्ये अवघी ९ मायक्रॉनच्या आसपास असते. इतक्या अरुंद, मंद आणि पातळ माध्यमावर यंत्राचा किंचितसा दोषही आवाजात थेट उतरतो. गती डळमळली की तानपुरा थरथरतो. हेड तिरके असले की तबल्याची किनार बोथट होते आणि 'स', 'श' ही व्यंजने जणू पडद्याआडून ऐकू येतात.

यूएसबी जोडणीसह थेट संगणकाला लावता येणारे तळहाताएवढे कॅसेट यंत्र आज सहज मिळते. त्याची जाहिरात आकर्षक असते आणि किंमत थोडी. परंतु अशा बहुतेक यंत्रांतील मोटर व चाके हलकी असल्याने गती स्थिर राहत नाही, हेड नीट जुळविण्याची सोय सहज हाती येत नाही आणि जुनी, पातळ फीत त्यात अडकून चुरगळण्याचा धोका असतो. बाजारात नकला उपलब्ध असलेल्या गाण्यांसाठी कोणी ते वापरले तर हरकत नाही. एकमेव प्रत असलेली कॅसेट त्यात घालू नये, असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

मग घ्यावे काय? घरातील संगीत-यंत्रणेचा भाग म्हणून बनविलेला, 'लाइन आउट' जोडणी असलेला जुना पूर्ण आकाराचा डेक हा बहुतेकांसाठी उत्तम पर्याय ठरतो. नाकामिची, टियाक व तिचीच टॅस्कम, सोनी, यामाहा, डेनन, पायोनियर, टेक्निक्स या नाममुद्रांचे डेक अद्याप हाती येतात. नाकामिचीची किंमत आता संग्राहकांनी चढवून ठेवली आहे, आणि केवळ नावापायी तो घेण्याची गरज नाही. चांगल्या स्थितीतील मध्यम प्रतीचा डेक बिघडलेल्या नामांकित डेकपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. उंची दर्जाच्या डेकचे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकातच जवळजवळ थांबले होते. आज नव्याने बनणारी यंत्रे बहुतांशी एकाच साध्या जातीच्या यंत्रणेवर चालतात. त्यामुळे 'नवे म्हणजे चांगले' हा नेहमीचा नियम येथे लागू पडत नाही.

आपोआप बाजू पालटणारा डेक सोयीचा वाटतो. पण त्यात फिरणाऱ्या हेडचा कोन दोन्ही दिशांना सारखा राहीलच याची खात्री नसते. हाताने कॅसेट उलटावी लागणारा एकेरी डेक अधिक विश्वासार्ह. दोन कॅसेट्सचा डेक नकला करण्यासाठी बनविलेला असतो आणि त्या किमतीत यंत्रणा दोन असल्याने प्रत्येकीवरचा खर्च अर्धा झालेला असतो.

बाजारात पारख कशी करावी

लखनौकरांना यासाठी रविवारी भरणारा नक्खासचा जुना बाजार परिचित आहेच. पुण्यातील वाचकांना जुना बाजार आणि मुंबईकरांना चोर बाजार आठवावा. अशा ठिकाणी डेक सुरू होतो एवढे पाहून पैसे मोजणे धाडसाचे असते. सोबत आपली एक बिनमहत्त्वाची कॅसेट, हेडफोन आणि लहान विजेरी न्यावी. कॅसेटमध्ये हार्मोनियमचा वा तानपुऱ्याचा सलग स्वर असेल तर उत्तम, कारण गतीतील हेलकावे गाण्यापेक्षा स्थिर स्वरात लगेच जाणवतात. फीत पुढे व मागे पूर्ण वेगाने फिरवून पाहावी. मोटरचा आवाज येतो आणि चाके फिरत नाहीत, असे आढळल्यास आतील रबरी पट्टा सैल झाला आहे किंवा त्याचे डांबर झाले आहे असे समजावे. हा दोष दुरुस्त होण्याजोगा असतो आणि त्याच्या आधारे भाव उतरविता येतो. विजेरीच्या प्रकाशात हेड पाहावे. त्यावर बोटाच्या नखाला जाणवेल अशी खाच पडली असेल तर तो डेक सोडून द्यावा. फितीला हेडवरून पुढे खेचणारे छोटे रबरी चाक चकचकीत व टणक झाले असेल तर तेच फीत गिळण्याचे मुख्य कारण ठरते. उजवा व डावा, दोन्ही बाजूंचा आवाज स्वतंत्रपणे ऐकावा.

घरी आणल्यावर हेड, धातूचा दांडा आणि इतर संपर्कभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसावेत. रबरी चाकासाठी अल्कोहोल जपून वापरावे. ही स्वच्छता एकदा करून भागत नाही. जुन्या फिती तपकिरी भुकटी सोडतात, म्हणून दर दोन-तीन कॅसेट्सनंतर कापूस फिरवावा लागतो.

यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात आणि खरा फरक मात्र त्यानेच पडतो : हेडचा कोन जुळविणे. प्रत्येक टू-इन-वनचे हेड कारखान्यातून थोडे कमी-अधिक तिरके आलेले असे. ज्या कोनात ध्वनिमुद्रण झाले, त्याच कोनात ते वाजविले तर सूक्ष्म, उंच स्वर परत मिळतात. हेडच्या शेजारी एक लहान स्क्रू असतो. कॅसेट सुरू ठेवून, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून ऐकत, तो अगदी किंचित फिरवावा. झांजा, तबल्याची चाट अथवा बोलणाऱ्याचे 'स' जेथे सर्वांत स्पष्ट होतील तेथे थांबावे. स्क्रू-ड्रायव्हर चुंबकीय नसावा. पुढील कॅसेट वेगळ्या यंत्रावर मुद्रित झाली असल्यास हाच सोपस्कार पुन्हा करावा लागेल. पाच मिनिटांचे हे काम महागड्या साउंड कार्डाने मिळणार नाही इतका लाभ देऊन जाते.

डॉल्बीचे बटण हा गोंधळाचा आणखी एक विषय. ध्वनिमुद्रण डॉल्बी लावून केले असेल तरच वाजविताना ते लावावे. भारतातील घरगुती टू-इन-वनवर ही सोय क्वचितच असे. त्यामुळे घरच्या कॅसेट्ससाठी हे बटण बहुधा बंदच ठेवायचे असते. आवाजातील सूंऽऽ कमी होतो म्हणून ते सुरू केल्यास त्यासोबत गाण्याचे तेजही जाते.

संगणकापर्यंतची वाट

डेकमधून निघालेला आवाज अंकांत रूपांतरित करण्यासाठी यूएसबीवर चालणारे बाह्य साउंड कार्ड, म्हणजेच ऑडिओ इंटरफेस, घ्यावा. लखनौत नाझा मार्केटसारख्या संगणक-बाजारात अथवा ऑनलाइन तो मिळतो. त्यास दोन 'लाइन इन' असणे आणि २४ बिटची क्षमता असणे, एवढ्या दोन गोष्टी पाहाव्यात. बेहरिंजरचा यूसीए २०२ हा वर्षानुवर्षे लोकप्रिय असलेला स्वस्त पर्याय १६ बिटपर्यंतच जातो. केवळ भाषण-संभाषणासाठी त्याने काम भागते. संगीतासाठी थोडे अधिक खर्च करणे योग्य. लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या छिद्रात मात्र डेकची वायर खुपसू नये. ते छिद्र अतिक्षीण संकेतासाठी असते, बहुतेक वेळा एकाच मार्गाचे असते, आणि त्यात डेकचा आवाज फाटतो.

आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट हे प्रमाण स्वीकारले जाते, आणि ९६ किलोहर्ट्झला पसंती दिली जाते. घरच्या कॅसेटवर १५ किलोहर्ट्झच्या पुढे फारसे काही नसते, त्यामुळे ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहे असे आमचे मत. या प्रमाणात एका तासाच्या दोन-मार्गी ध्वनिमुद्रणास साधारण १ गिगाबाइट जागा लागते. शंभर कॅसेट्सचा संग्रह, प्रत्येकी ६० मिनिटांचा धरला, तर सुमारे १०४ गिगाबाइट. आज मिळणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कवर असे नऊ संग्रह मावतील. जागा वाचविण्यासाठी थेट एमपी३ मध्ये मुद्रण करण्याचे त्यामुळे काहीही कारण उरत नाही. मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात ठेवावी. नातेवाइकांना मोबाइलवर पाठविण्यासाठी तिच्यावरून एमपी३ काढावी.

सॉफ्टवेअरची निवड सर्वांत सोपी. ऑडॅसिटी विनामूल्य आहे आणि पुरेसे आहे. ध्वनिपातळी ठरविताना सर्वांत मोठा आवाज शून्याखाली ६ ते १२ डेसिबल राहील असे पाहावे. २४ बिटमध्ये पातळी थोडी कमी राहिली तरी बिघडत नाही. शून्यावर आदळलेला आवाज मात्र कायमचा फाटतो.

विजेचा प्रश्न लखनौपुरता मर्यादित नाही. डेक आणि लॅपटॉप दोन्ही भिंतीच्या विजेवर असताना कित्येकदा एक सततची घरघर मिसळते. मुद्रणाच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालविल्यास ती पुष्कळदा नाहीशी होते. जुन्या ध्वनिमुद्रणात आधीपासूनच बसलेली विजेची घरघर मात्र एका अर्थी उपयोगी पडते. ती ५० हर्ट्झची असावयास हवी. ५१ वर दिसली तर कॅसेट सुमारे २ टक्के जलद वाजत आहे असा अंदाज बांधता येतो. येथे एक सावधगिरी हवी. त्या दशकांत उत्तर भारतातील ग्रिडची वारंवारिता अनेकदा ५० च्या खाली घसरत असे, त्यामुळे हा पुरावा अंतिम मानू नये. गायकाची नेहमीची पट्टी ठाऊक असलेल्या शिष्याचा कान अधिक खरा.

कॅसेटची स्वतःची प्रकृती

यंत्र सज्ज झाले तरी कॅसेट लगेच त्यात घालू नये. कॅसेटच्या वरच्या कडेस दोन प्लॅस्टिकच्या जिभा असतात. त्या आधी मोडाव्यात, म्हणजे चुकून 'रेकॉर्ड'चे बटण दाबले गेले तरी आवाज पुसला जाणार नाही. आत फितीमागे तांब्याच्या पट्टीवर चिकटविलेला नमद्याचा छोटा तुकडा असतो. उन्हाळ्यात गोंद सुकून तो निखळतो आणि मग आवाज दबलेला येतो. लोक फीत गेली असे मानून अशी कॅसेट टाकून देतात. प्रत्यक्षात फीत तशीच दुसऱ्या चांगल्या कवचात बसविता येते. पाच स्क्रूंचे कवच उघडणे सोपे. सांधलेले कवच काळजीपूर्वक फोडावे लागते.

चाळिशीपार जाणारा जून आणि त्यामागोमाग येणारा दमट श्रावण-भाद्रपद, अशा हवेत पत्र्याच्या पेटीत राहिलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरते. कवचाच्या खिडकीतून ती दिसल्यास ती कॅसेट वाजवू नये, कारण बुरशी डेकमार्गे इतर कॅसेट्सना लागते आणि श्वासावाटे आपल्यालाही अपाय करते. अशा कॅसेट्स वेगळ्या काढून जाणकाराकडे द्याव्यात. निरोगी कॅसेट एक दिवस खोलीत ठेवून, एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवून मगच मुद्रण करावे.

टू-इन-वनवरील बहुतेक ध्वनिमुद्रणे एकमार्गी असतात. तरीही दोन्ही मार्ग मुद्रित करावेत, कारण फितीची एक कड दुसरीपेक्षा अधिक झिजलेली असते आणि कोणता मार्ग चांगला आहे हे नंतर ठरविता येते. त्याचप्रमाणे पहिली प्रत कोणतीही सफाई न करता जपावी. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी आजीच्या ओव्यांची एक कॅसेट होती. ती एका दुकानात रूपांतरासाठी दिली असता तेथे खरखर काढण्याच्या नादात आवाज असा घासला गेला, की आजी पाण्याखालून गात असल्यासारखी वाटते. न घासलेली प्रत ठेवली गेली नव्हती, आणि मूळ कॅसेटही परत मिळाली नाही. सफाईचे तंत्र दर काही वर्षांनी सुधारते. परंतु ते चालविण्यासाठी मूळ, अस्पर्श ध्वनी हाताशी असावा लागतो.

कॅसेट दुकानात देणे चूक आहे असे नव्हे. ज्यांच्याकडे पाच-दहाच कॅसेट्स आहेत, त्यांनी डेकच्या मागे लागण्यापेक्षा तेच करावे. मात्र देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कोणता डेक वापरता, हेडचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी जुळविता का, आणि सफाई न केलेली वेव्ह प्रत देता का. दुसऱ्या प्रश्नावर दुकानदार गोंधळला तर कॅसेट परत घेऊन निघावे.

कायद्याच्या दृष्टीने, खासगी वापरासाठी व अभ्यासासाठी केलेल्या न्याय्य उपयोगास १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात वाव आहे. ध्वनिमुद्रण सार्वजनिकरीत्या प्रसारित करणे ही निराळी बाब आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षे टिकतो आणि कलावंताचे स्वतंत्र हक्कही असतात. घरगुती मैफलीतील गायकाच्या वारसांना विचारल्याविना ती इंटरनेटवर टाकू नये.

राहता राहिला वेळ. ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटेच घेते. येथे घाई चालत नाही. रोज दोन तास दिले तर शंभर तासांच्या संग्रहास पन्नास दिवस लागतील. कोणत्या कॅसेट्सपासून आरंभ करावा, याचे उत्तर फितीच्या वयावरून ठरवू नये. ज्या कॅसेटवरील आवाज ओळखणारी व्यक्ती सर्वांत वृद्ध आहे, ती प्रथम घ्यावी. मुद्रण सुरू असताना त्या व्यक्तीस शेजारी बसवावे आणि कोण गात आहे, तबल्यावर कोण, मध्येच 'वाहवा' कोणाची, पाठीमागे ऐकू येणारा घंटेचा आवाज कोठला, हे विचारून फाइलच्या नावासोबत वहीत नोंदवावे. कॅसेटच्या कागदी आवरणाचेही छायाचित्र घ्यावे. त्यावरील शाई फितीच्या आधी उडून जाते. फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे, ठेवाव्यात. आणि काम संपल्यावर कॅसेट्स उभ्या, कोरड्या कपाटात, स्पीकरपासून दूर ठेवाव्यात. टाकून देऊ नयेत.